आगोटीची बेगमी : उत्तनची पावसाळी साठवण

पावसाळ्याच्या तोंडावर करावयाच्या साठवणीस कोकण किनाऱ्यावर 'आगोटीची बेगमी' म्हणतात. मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकावरील उत्तन, पाली, चौक या कोळीवाड्यांत तिचे गणित मासेमारीबंदीवर बेतलेले असते. २०२४ मध्ये ही बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची होती. होड्या किनाऱ्याला लागल्या की ताजी मासळी आणि रोजची मिळकत एकदमच थांबते.

बेगमीत पहिला मान सुक्या बोंबलाचा. जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या बांबूच्या मांडवावरील दोऱ्यांवर टांगल्या जातात. ही मासळी मुळातच पाणीदार असल्याने अवकाळी पावसाची एक सरही पुरते; भिजलेला माल खतासाठी मातीमोल भावाने जातो. जवळा, करंदी जमिनीवर पसरून वाळवतात. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यातच कुटलेला मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरला जातो. 'बाटली मसाला' हे नाव त्यावरूनच पडले.

शहरी भागालाही ही बेगमी अनाठायी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल गाड्या ठप्प झाल्या आणि उपनगरांत दूध-भाजी मिळेनाशी झाली. मात्र सदनिकेत खरी अडचण जागेपेक्षा दमटपणाची. तूरडाळीस एरंडेल चोळून, तांदूळ कोरडा करून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावा. सुकट धान्यापासून दूर ठेवावी आणि पावसाने उघडीप दिली की तिला पुन्हा ऊन दाखवावे.