रॉलिन्स, सनी

अमेरिकन जॅझ संगीतातील टेनर सॅक्सोफोनवादक व रचनाकार. पूर्ण नाव वॉल्टर थिओडोर रॉलिन्स. जन्म ७ सप्टेंबर १९३० रोजी न्यूयॉर्क शहरात. त्याचे आईवडील कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांवरून आले होते, त्यामुळे हार्लेममधल्या घरात कॅलिप्सोच्या चाली त्याच्या कानावर लहानपणीच पडल्या. सुरुवातीला पियानो, मग अल्टो सॅक्सोफोन आणि १९४६ च्या सुमारास टेनर असा त्याचा प्रवास झाला. टेनरकडे वळण्यामागे कोलमन हॉकिन्स या ज्येष्ठ वादकाचे आकर्षण होते. विशी गाठण्यापूर्वीच, १९४९ मध्ये, बड पॉवेल आणि फॅट्स नव्हारो यांच्याबरोबर त्याचे ध्वनिमुद्रण झाले.

पुढची काही वर्षे हेरॉइनच्या व्यसनाची होती. १९५० मध्ये सशस्त्र लुटीच्या प्रकरणात त्याला अटक झाली आणि रायकर्स बेटावरच्या तुरुंगात दहा महिने काढावे लागले. तरीही वादन थांबले नाही. माइल्स डेव्हिसबरोबरच्या १९५४ च्या ध्वनिमुद्रणासाठी त्याने ‘ओलिओ’, ‘डॉक्सी’ आणि ‘एअरेजिन’ या रचना दिल्या. तिन्ही पुढे जॅझवादकांच्या नेहमीच्या वाजवण्यात आल्या. १९५५ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेऊन तो व्यसनातून सुटला. नंतर शिकागोत त्याने झाडलोटीची कामे केली, कारण क्लबमध्ये परतलो तर जुनी संगत पुन्हा भेटेल अशी त्याला धास्ती होती. वर्ष संपण्याच्या सुमारास तो क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या पंचकात दाखल झाला.

१९५६ ते १९५८ हा त्याच्या ध्वनिमुद्रणांचा सर्वांत भरघोस काळ. मे १९५६ मधल्या ‘टेनर मॅडनेस’मध्ये जॉन कोल्ट्रेन आणि तो एकत्र ऐकू येतात, दोघांचे एकत्र ध्वनिमुद्रण एवढेच. २२ जून रोजी ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ मुद्रित झाली. तिच्यातील ‘सेंट टॉमस’ची चाल आईकडून ऐकलेल्या गाण्याची आहे, तर ‘ब्लू सेव्हन’ ही साध्या ब्लूजवरची रचना समीक्षकांच्या अभ्यासाचा विषय ठरली. बीबॉप या जॅझशैलीचा वादक सहसा मूळ चाल एकदा वाजवून बाजूला ठेवतो आणि तिच्याखालच्या स्वरसंगतीच्या आधारे नवी सुरावट रचत जातो. रॉलिन्स चालीतला एखादा तुकडा धरून ठेवतो, त्याची लय मोडतो, तो उलटासुलटा करतो आणि त्यातूनच पुढचे वाक्य काढतो. संगीतकार व समीक्षक गुंथर शूलर यांनी १९५८ मध्ये या पद्धतीचे तपशीलवार विश्लेषण केले. ख्यालातली बढत परिचित असलेल्या श्रोत्याला ही रीत फारशी परकी वाटू नये, मात्र दोन्हींचे व्याकरण वेगळे आहे. शूलर यांचा लेख वाचून रॉलिन्स उलट अवघडला. आपल्या वादनाची अशी चिरफाड वाचायची नाही, असे त्याने ठरवले.

पियानो न घेता केवळ डबल बास आणि ड्रम्सची साथ घेण्याचा प्रयोगही याच काळातला. पियानो वाजणार नसेल तर स्वरसंगती आधीच बांधली जात नाही आणि सॅक्सोफोनला मोकळे रान मिळते. ‘वे आउट वेस्ट’ (१९५७) आणि त्याच वर्षीचे व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधले ध्वनिमुद्रण ही त्याची उत्तम उदाहरणे. ‘फ्रीडम स्वीट’ (१९५८) या दीर्घ रचनेसोबत त्याने कृष्णवर्णीयांवरील अन्यायाविषयी छोटे निवेदन छापले होते. कंपनीने ही ध्वनिमुद्रिका लवकरच नाव बदलून पुन्हा बाजारात आणली.

कीर्ती अशी वाढत असताना १९५९ मध्ये त्याने मैफली बंद केल्या. लोक म्हणतात तितके आपले वादन चांगले नाही, ही त्याची तक्रार होती. मॅनहॅटनमधल्या घरात मोठ्याने वाजवले तर शेजाऱ्यांना त्रास होई, म्हणून तो ईस्ट नदीवरच्या विल्यम्सबर्ग पुलाच्या पादचारी मार्गावर जाऊन तासन्‌तास रियाझ करी. तो १९६१ मध्ये परतला आणि पुढल्या वर्षी गिटारवादक जिम हॉल याच्यासह ‘द ब्रिज’ ही ध्वनिमुद्रिका आली. पुलाची गोष्ट दंतकथेसारखी पसरली, पण ऐकणाऱ्याला या ध्वनिमुद्रिकेत काही क्रांतिकारक सापडत नाही. क्रांतीची अपेक्षा लोकांची होती, त्याची नव्हती.

१९६३ मध्ये खुद्द हॉकिन्सबरोबर त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि १९६६ मध्ये ‘अल्फी’ चित्रपटाचे संगीत आले. दशकाच्या अखेरीस तो पुन्हा दूर झाला. योग आणि वेदान्ताच्या ओढीने तो भारतात आला आणि मुंबईतील पवई येथे स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला. भारतीय रागांचे अनुकरण त्याच्या संगीतात आढळत नाही. योगाभ्यास मात्र पुढे कायम राहिला.

१९७२ च्या ‘नेक्स्ट अल्बम’पासून त्याचा दुसरा दीर्घ कालखंड सुरू होतो. पत्नी लुसिल हिने त्याचे व्यवस्थापन आणि ध्वनिमुद्रिकांची निर्मिती सांभाळली. रोलिंग स्टोन्सच्या ‘टॅटू यू’ (१९८१) या ध्वनिमुद्रिकेतही त्याचा सॅक्सोफोन आहे, तोही नामोल्लेखाविना. या काळातल्या स्टुडिओतील ध्वनिमुद्रिका बऱ्याचदा बेताच्या वाटतात. मंचावरचा रॉलिन्स वेगळाच होता: साथीदारांना थांबवून एकट्याने दीर्घकाळ वाजवणारा, जुन्या गाण्यांचे तुकडे मध्येच पेरणारा. ही तफावत २००८ पासून निघालेल्या ‘रोड शोज’ या मैफलींच्या संचांनी काही अंशी भरून काढली.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यावेळी तो वर्ल्ड ट्रेड सेंटरजवळच राहत होता. त्याला घर सोडावे लागले. सॅक्सोफोन त्याने बरोबर घेतला. चारच दिवसांनी बॉस्टनमध्ये केलेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातील एका वादनाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये त्याला स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार आणि २०११ मध्ये केनेडी सेंटर सन्मान लाभला. फुप्फुसाच्या विकारामुळे २०१२ नंतर त्याचे जाहीर वादन थांबले. त्याच्या टिपणवह्या, पत्रे आणि रियाझाच्या ध्वनिफिती हार्लेममधील शॉम्बर्ग संशोधन केंद्राने २०१७ मध्ये मिळवल्या.