आकाशयानाचें दप्तर ओसरीवर

चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी मालवणच्या घरीं येतात, आरती होते, मोदक होतात, आणि दुसऱ्या दिवशीं ओसरीवर हमखास एक कागद उलगडला जातो : सातबाराचा उतारा. लहानशा माडबागेवर पणजोबांपासूनच्या वारसांचीं नांवें दाटीनें बसलेलीं असतात. कोणाचा हिस्सा किती, कोणाचें नांव लागावयाचें राहिलें, या वादांत सांज होते. आज मला सांगावयाची हकीकत संगणकाची आहे. पण ती समजावयास हा कागदच पुरेसा आहे.

सातबारा म्हणजे वस्तुतः दोन नमुने. गांव नमुना सात हा अधिकाराचा, बारा हा पिकांचा. जमिनीचा भूमापन क्रमांक हा त्यांचा दुवा. नांवाजवळ वर्तुळांत लिहिलेला आंकडा आपणांस नमुना सहाकडे, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीकडे नेतो. खातेक्रमांक आठ-अ कडे नेतो. वह्या निरनिराळ्या ठेवावयाच्या आणि क्रमांकांनीं त्या एकमेकींस जोडावयाच्या, ही युक्ति तलाठ्याच्या दप्तरास पूर्वीपासून ठाऊक आहे. १९७० सालीं आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं अशा तऱ्हेच्या मांडणीस गणिताची बैठक दिली. माहिती कोष्टकांत ठेवावी, आणि दोन कोष्टकांत आढळणाऱ्या समान मूल्यानें तीं जोडावीं, हें त्यांचें सूत्र. अशा व्यवस्थेस आज रिलेशनल डेटाबेस म्हणतात.

सूत्र सोपें, परंतु तें चालवावयास त्या काळीं खोलीभर यंत्रें लागत. अमेरिकेची नासा ही संस्था आणि बोईंग कंपनी यांनीं विमानांच्या रचनेसाठीं हातीं घेतलेल्या एका प्रकल्पांतून 'रिम' नांवाचा असा एक कार्यक्रम तयार झाला. 'कोलंबिया' हें आकाशयान १२ एप्रिल १९८१ रोजीं प्रथम उडालें. उष्णतेपासून त्याचें रक्षण करणाऱ्या फरशा ३०,००० हून अधिक होत्या, आणि प्रत्येकीचा क्रमांक निराळा. त्यांचा हिशेब ठेवण्यास रिमचा उपयोग झाला. सरकारी पैशांनीं घडलेला हा कार्यक्रम सार्वजनिक होता. कोणीही तो घ्यावा आणि वापरावा.

रिम घडविणाऱ्यांपैकीं वेन एरिक्सन यांनीं तो लहान संगणकावर आणण्याचें मनावर घेतलें, आणि १९८१ सालीं मायक्रोरिम ही कंपनी काढली. त्या वेळच्या घरगुती संगणकाची स्मृति बहुधा ६४ किलोबाइट, म्हणजे सुमारें पासष्ट हजार अक्षरांची. तेवढ्यांतच कार्यक्रमही राहावयाचा आणि माहितीही. अशा वेळीं मोठ्या कार्यक्रमाचे तुकडे पाडीत. लागेल तो तुकडा तबकडीवरून स्मृतींत आणीत, आणि त्याचें काम झालें कीं त्याच जागीं दुसरा. गिरगांवांतील एका खोलीच्या बिऱ्हाडांत जेथें रात्रीं अंथरुणें पडत, तेथेंच सकाळीं पाट मांडले जात. तसाच हा संसार. १९८३ मध्यें या कंपनीचा 'आर-बेस ४०००' बाजारांत आला.

येथें एक प्रश्न उभा राहतो. सर्वांच्या पैशांनीं झालेली वस्तु एकानें घ्यावी आणि घडवून विकावी, हा अन्याय नव्हे काय? मला तसें वाटत नाहीं. गांवच्या विहिरीचें पाणी नेऊन कोणी सरबत विकलें, म्हणून विहीर आटत नाहीं. सरबत करण्याचे श्रमही खरेच. धोका निराळाच आहे. माझी नोंदवही एकाच दुकानदाराच्या किल्लीनें उघडत असेल, आणि उद्यां तो दुकान मोडून गेला, तर वही असून नसल्यासारखी.

त्या धोक्यावरचा उपाय, योगायोगानें, एका युद्धनौकेच्या कामांतून निघाला. रिचर्ड हिप हे अमेरिकन आरमारासाठीं एक कार्यक्रम करीत होते. त्याची माहिती दुसऱ्या यंत्रावर असे, आणि तें बंद पडलें कीं सारें अडे. तेव्हां २००० सालीं त्यांनीं 'एसक्यूलाइट' रचला. त्यास दुसरें यंत्र लागत नाहीं. सर्व कोष्टकें एका फाइलींत मावतात. पुढें त्यांनीं त्यावरील आपला हक्कच सोडून दिला. आज देवबागच्या मच्छीमाराच्या खिशांतील मोबाइलमध्येंही तो मुकाट्यानें काम करीत असतो. त्याच्या फाइलीची रचना सर्वांस खुली असल्यानें ती कोणालाही वाचतां येते. अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयानें माहिती दीर्घकाल जतन करण्यास योग्य अशा प्रकारांत तिची गणना केली आहे.

महाराष्ट्रांत २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला. तो सरकारी दप्तरांतून येतो. परंतु कोणती आत्या कोणत्या घरीं दिली, कोणता चुलता निपुत्रिक वारला, कोणत्या माडाखालीं हद्दीचा दगड होता, हें त्या दप्तरांत सांपडावयाचें नाहीं. तें घरांतील वृद्धांच्या तोंडीं आहे, आणि त्यांच्याबरोबर जाणार आहे. वारसांचें एक कोष्टक, जमिनींचें दुसरें, फेरफारांचें तिसरें, एवढें दप्तर मांडावयास लागणारें साधन आज घरच्या संगणकावर विनामूल्य मिळतें. येत्या चतुर्थीस वाद सुरू होण्यापूर्वीं, आजीजवळ बसून त्याची पहिली ओळ कोणी तरी लिहावी.