सिबिल म्हणजे कर्जाचा सातबारा : नोंद चुकली तर दुरुस्त कशी करायची?

चंद्रपूर/गडचिरोली : धानाचे पऱ्हे टाकायची वेळ जवळ आली की बँकेत गर्दी होते. कागद सगळे बरोबर, सातबारा आहे, आठ-अ आहे, आधार आहे. तरी काउंटरवरून एकच वाक्य ऐकू येतं, "तुमचं सिबिल खराब आहे." माणूस मान खाली घालून परत येतो. मग खतासाठी कृषी केंद्राची उधारी, मजुरीसाठी सावकार. सिबिल म्हणजे काय, ते कोणी खराब केलं, ते खरंच खराब आहे की नोंदच चुकली आहे, हे विचारायचं राहूनच जातं.

हे माझ्या स्वतःच्या बाबतीतही झालं. मोटारसायकलचं कर्ज मी शेवटच्या हप्त्यापर्यंत भरलं होतं. तीन वर्षांनी पाईपलाईनसाठी बँकेत गेलो, तर अहवालात ते खातं चालूच आणि वर थकबाकी दिसत होती. एका हप्त्याला उशीर झाल्याचा किरकोळ दंड बाकी राहिला होता. तो मला कोणी सांगितला नाही आणि मीही नो ड्यूजचा दाखला मागितला नाही. पावत्या घरात होत्या म्हणून नोंद दुरुस्त झाली, पण तो हंगाम गेला. तुमचा जाऊ नये म्हणून ही माहिती.

सिबिल म्हणजे नेमकं काय?

सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे. ती २००० साली सुरू झाली, आज तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे. अशा एकूण चार कंपन्या देशात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत त्या चालतात. पण आपल्याकडे चारही कंपन्यांच्या अहवालाला 'सिबिल'च म्हणतात.

तलाठ्याकडे जसा जमिनीचा सातबारा, तसा या कंपन्यांकडे तुमच्या कर्जाचा सातबारा. कोणत्या बँकेचं किती कर्ज, कधी घेतलं, हप्ता वेळेवर गेला की नाही, खातं बंद झालं की नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. ही माहिती कंपनी स्वतः शोधत नाही. राष्ट्रीयीकृत बँक, ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, फायनान्स कंपनी, बचत गटाच्या महिलांना कर्ज देणारी मायक्रोफायनान्स कंपनी या सगळ्या ती पाठवतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवणं बंधनकारक झालं.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सिबिल कंपनी तुम्हाला कर्ज नाकारत नाही, ती फक्त नोंद ठेवते. चूक बहुतेक वेळा माहिती पाठवणाऱ्याकडून झालेली असते आणि दुरुस्तीही त्याच्या होकाराशिवाय होत नाही.

आकडा कसा ठरतो?

स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. साधारण ७५० च्या वर असेल तर चांगला समजतात, पण प्रत्येक बँकेची मोजपट्टी वेगळी असते. हप्ते वेळेवर गेले का, सध्या कर्ज किती आहे, कर्ज किती जुनं आहे आणि अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितलं, यावर तो ठरतो. तुमची शेती किती एकर, बचत खात्यात किती पैसे, धानाचा चुकारा किती आला, याची नोंद त्यात नसते. त्यामुळे दहा एकरवाल्याचा स्कोअर कमी आणि दोन एकरवाल्याचा जास्त असू शकतो.

कधीच कर्ज घेतलं नसेल तर आकड्याच्या जागी उणे एक किंवा 'इतिहास नाही' असं येतं. हे खराब सिबिल नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुना इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत हेच स्पष्ट केलं. पीक कर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं होतं. तरीही जुनी थकबाकी दिसली की फाईल अडते. म्हणून भांडायला जाण्याआधी आपला अहवाल हातात असावा.

अहवाल फुकट कसा मिळतो?

चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल स्कोअरसह मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे वर्षाला चार अहवाल फुकट. कंपनीच्या वेबसाईटवर नाव, जन्मतारीख, पॅन किंवा दुसरं ओळखपत्र आणि मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, अहवाल उघडतो. मध्येच महिन्याचा पॅक घ्या म्हणून पैसे मागतात, ते घेऊ नका. मोफत अहवालाचा पर्याय शोधा.

भामरागड, एटापल्ली, जिवतीसारख्या भागात रेंज नसते, ओटीपी वेळेत येत नाही. तेव्हा तालुक्याच्या गावी गेल्यावर हे काम करा. सेवा केंद्रातून काढत असाल तर मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, केंद्रवाल्याचा नको. प्रत स्वतःच्या फोनवर घ्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरवरून पुसायला लावा. आपला अहवाल आपण पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. महिनाभरात पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्याने मात्र होऊ शकतो.

अहवालात काय पाहायचं?

अहवाल इंग्रजीत असतो, पण घाबरू नका. चार जागा तपासा.

१. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, मोबाईल तुमचेच आहेत का?

२. खात्यांची यादी. प्रत्येक कर्ज तुम्ही घेतलेलं आहे का? एकच कर्ज दोनदा तर नाही?

३. प्रत्येक खात्याची स्थिती. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण भरून बंद. 'सेटल्ड' म्हणजे तडजोड करून कमी रकमेत मिटवलेलं. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं. खाली महिन्यांचे चौकोन असतात. त्यात ००० असेल तर हप्ता वेळेवर, ०३० किंवा ०९० असेल तर तितके दिवस उशीर.

४. चौकशीची यादी. कोणत्या बँकेने किंवा कंपनीने तुमचा अहवाल कधी मागवला, ते इथे दिसतं. तुम्ही कधी न गेलेल्या कंपनीचं नाव असेल तर तुमच्या कागदांवर कोणी कर्ज काढलं का, हे लगेच तपासा.

आपल्या भागात चुका कुठे होतात?

एक नाव, दोन माणसं : एकाच गावात मडावी, आत्राम, मेश्राम, कुमरे आडनावाची एकाच नावाची चार माणसं असतात. शाळेत अनेकांची जन्मतारीख १ जानेवारीच लावलेली. इंग्रजीत कोणी आडनाव 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. पॅन जोडलेला नसेल तर एकाचं कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढू शकतं.

बँकांचं विलीनीकरण : विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. त्याआधी २०१९ आणि २०२० मध्ये देना, अलाहाबाद, सिंडिकेट, आंध्रा या बँका दुसऱ्या बँकांत गेल्या. अशा वेळी जुन्या आणि नव्या नावाने एकच खातं दोनदा दिसतं का, हे पाहा.

कर्जमाफी : २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, या दोन्हींत ज्यांचं कर्ज माफ झालं त्यांनी ते खातं शून्य बाकी दाखवतं का, हे जरूर तपासावं.

जामीनदार : दुसऱ्याच्या कर्जाला सही केली असेल तर ते कर्ज तुमच्याही अहवालात येतं. त्याने थकवलं तर तुमचंही नाव अडकतं. ही चूक नव्हे, पण अनेकांना माहीत नसतं.

गटाचं कर्ज : मायक्रोफायनान्सचं कर्ज प्रत्येक महिलेच्या नावावर स्वतंत्र असतं. हप्ता वसुली करणाऱ्याच्या हातात रोख दिला आणि कार्डावर सही घेतली नाही, तर भरल्याचा पुरावा उरत नाही.

आणखी एक. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला म्हणजे सिबिल दुरुस्त झालं, असं नाही. बोजा तलाठ्याकडे उतरतो, सिबिलची नोंद बँकेकडून सुधारते. दोन्हींसाठी वेगवेगळा अर्ज लागतो.

दुरुस्ती कशी करायची?

पहिली पायरी : पुरावे गोळा करा. पावत्या, पासबुक, खाते उतारा, नो ड्यूज दाखला, कर्जमाफीचं प्रमाणपत्र. अहवालात ज्या ओळीवर चूक आहे तिच्याभोवती पेनाने खूण करा.

दुसरी पायरी : ज्या शाखेचं कर्ज आहे तिथे लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून उपयोग नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या.

तिसरी पायरी : त्याच दिवशी कंपनीच्या वेबसाईटवरही तक्रार टाका. तिथे 'डिस्प्यूट' नावाचा पर्याय असतो, पैसे लागत नाहीत. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. चूक ज्या ज्या कंपनीच्या अहवालात आहे, त्या प्रत्येकीकडे तक्रार करा.

अर्ज असा लिहा :

"मा. शाखा व्यवस्थापक यांस, माझे कर्ज खाते क्रमांक अमुक मी अमुक तारखेला पूर्ण भरले आहे. पावती व उतारा सोबत जोडला आहे. तरी अमुक कंपनीच्या अमुक तारखेच्या अहवालात हे खाते थकीत दिसते. सदर नोंद दुरुस्त करून चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवावे व मला लेखी उत्तर द्यावे. तक्रार ३० दिवसांत न मिटल्यास नियमाप्रमाणे भरपाई माझ्या बचत खात्यात जमा करावी." खाली नाव, पत्ता, मोबाईल, बचत खाते क्रमांक.

३० दिवसांत झालं नाही तर?

२६ ऑक्टोबर २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने हा हक्क दिला आणि एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे. तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर भरपाई बँक देते. बँकेने पाठवूनही कंपनी अडकली तर कंपनी देते. दुरुस्ती नाकारली तर कारण सांगावं लागतं.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही. वेबसाईट : सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. माहितीसाठी फोन १४४४८. पोस्टाने पाठवायची असेल तर पत्ता : केंद्रीकृत पावती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. मराठीत लिहिलेलं चालतं. बँकेत दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच जोडायला विसरू नका.

खरी नोंद पुसता येत नाही

हप्ता खरंच थकला असेल तर ती नोंद कोणीही काढून देऊ शकत नाही. "पाच हजार द्या, सिबिल वाढवून देतो" म्हणणारे लोक बाजाराच्या गावी फिरतात, मोबाईलवरही मेसेज येतात. त्यांना पैसे देऊ नका, ओटीपी तर मुळीच नको. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा.

एकरकमी तडजोड केली असेल तर 'सेटल्ड' ही नोंद बरोबरच आहे. ती बदलायची असेल तर सोडलेली रक्कम भरून खातं 'क्लोज्ड' करून मिळेल का, हे बँकेला लेखी विचारा. त्यानंतर वेळेवर फेड, हाच स्कोअर सुधारायचा रस्ता. त्याला महिने लागतात.

शेवटचं एवढंच. अहवाल पऱ्हे टाकायच्या वेळी नको, धान विकून चुकारा आला की काढा. दुरुस्तीला महिना-दोन महिने लागले तरी हंगामाच्या आधी काम होतं. आणि कोणतंही कर्ज फिटलं की नो ड्यूजचा दाखला घेतल्याशिवाय शाखेची पायरी उतरू नका. तो एक कागद माझ्याकडे असता तर माझं शेत त्या वर्षी कोरडं राहिलं नसतं.