सी प्रोग्राम फाइल ओळीओळीने कशी वाचतो? १४ ओळींच्या २८ ओळी का होतात?

रत्नागिरी जिल्ह्यातले मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. मराठीत १४ ओळींचे सुनीत आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. असे एखादे सुनीत टाइप करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा आणि सी भाषेतल्या छोट्याशा प्रोग्रामला त्यातल्या ओळी मोजायला सांगा. प्रोग्राम लिहिताना एक नेहमीची चूक झाली असेल, तर उत्तर १४ ऐवजी २८ येऊ शकते. गंमत म्हणजे तोच प्रोग्राम इंग्रजी सुनीतावर बिनचूक चालतो. त्यामुळे दोष फाइलचा किंवा फाँटचा आहे, असा अनेकांचा समज होतो. दोष त्यांचा नसतो.

आधी फाइल वाचली कशी जाते ते पाहू. डिस्कवरचा मजकूर प्रोग्रामला थेट मिळत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागावा लागतो. या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात आणि प्रत्येक मागणीला थोडा वेळ जातो. विहिरीवर जाऊन दर वेळी एक पेला पाणी आणावे, तसे प्रत्येक बाइटसाठी वेगळा सिस्टिम कॉल केला, तर १ एमबीच्या फाइलसाठी १०,४८,५७६ फेऱ्या होतील. म्हणून सीची प्रमाण लायब्ररी एकदम मोठा हंडा भरून आणते, स्वयंपाकघरात ठेवते आणि आपण मागू तसे त्यातून पेला पेला देते. हा हंडा म्हणजे बफर. तो ४,०९६ बाइटांचा असेल तर तीच फाइल २५६ फेऱ्यांत संपते. हे सगळे लायब्ररी आपणहून करते, आपल्याला वेगळे काही करावे लागत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमला ‘ओळ’ हा प्रकारच ठाऊक नसतो. तिच्या लेखी फाइल म्हणजे बाइटांची एक लांबच लांब माळ. त्या माळेत १० या किमतीचा बाइट आला की ओळ संपली, असा संकेत आहे. त्या बाइटाला न्यूलाइन म्हणतात. ओळ वाचायची म्हणजे हंड्यातले बाइट न्यूलाइन येईपर्यंत काढत जायचे. सीमध्ये हे काम सहसा ‘एफगेट्स’ या फंक्शनकडून करून घेतात.

एफगेट्सला आपण आपली एक जागा देतो आणि ती किती मोठी आहे तेही सांगतो. या जागेलाही बोलताना बफरच म्हणतात, पण ती लायब्ररीच्या हंड्यापेक्षा वेगळी; हा आपला पेला. समजा पेला ६४ बाइटांचा आहे. शेवटचा एक बाइट मजकूर संपल्याची खूण म्हणून राखीव असतो, म्हणजे मजकुराला ६३ उरतात. न्यूलाइन आली किंवा ६३ बाइट भरले, यांतले जे आधी होईल तिथे एफगेट्स थांबते. उरलेली ओळ पुढच्या वेळी मिळते. ‘एफगेट्स जितक्या वेळा चालले तितक्या ओळी’ असे मोजणे, हीच ती नेहमीची चूक.

इंग्रजी सुनीताची ओळ साधारण ४०-५० अक्षरांची आणि एका अक्षराला एक बाइट. ती पेल्यात मावते. मराठीचा हिशेब वेगळा आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘मालगुंड’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण काना, उकार आणि अनुस्वार वेगळे धरले की चिन्हे ७ आणि बाइट २१. शार्दूलविक्रीडित वृत्तातली ओळ १९ अक्षरांची. काना-मात्रा आणि जोडाक्षरे धरली की ती सहज शंभर बाइटांच्या आसपास जाते. एका ओळीचे दोन तुकडे, म्हणून १४ चे २८.

तुकडा कुठे पडतो ते आणखी वाईट. ‘मालगुंड मालगुंड मालगुंड’ अशी ओळ घ्या. शब्दांचे ६३ बाइट आणि दोन मोकळ्या जागा, एकूण ६५. पहिल्या ६३ बाइटांत तिसऱ्या शब्दाचे ‘मालगुं’ पूर्ण येते आणि ‘ड’चा एकच बाइट येतो. ‘ड’ म्हणजे २२४, १६४, १६१ हे तीन बाइट. त्यातला २२४ इकडे आणि बाकीचे दोन पुढच्या तुकड्यात. दोन्ही तुकडे लागोपाठ छापले तर ते पुन्हा जुळतात आणि काही बिघडलेले दिसत नाही. मध्ये ओळीचा क्रमांक छापला, की ‘ड’च्या जागी प्रश्नचिन्हाचे काळे चौकट उमटते.

सुनीताच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येईल. पण एका माणसाची एक ओळ अशी लाभार्थ्यांची यादी असेल, तर माणसे जास्त मोजली जातात, नाव एका तुकड्यात राहते आणि रक्कम दुसऱ्यात जाते.

उपाय अवघड नाही. एफगेट्सने दिलेल्या तुकड्याच्या शेवटी न्यूलाइन आहे का, ते पाहायचे. नसेल तर ओळ अपुरी आहे, पुढचा तुकडा तिला जोडायचा आणि मगच ती मोजायची. फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीला न्यूलाइन नसू शकते, तेवढा अपवाद ध्यानात ठेवावा. न्यूलाइन शोधताना मराठीची भीती नको: यूटीएफ-८ मध्ये देवनागरी चिन्हांचे सगळे बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात, त्यामुळे १० हा बाइट अक्षराच्या पोटात कधीच येत नाही.

लिनक्सवर ‘गेटलाइन’ हे त्याहून सोयीचे. ओळ लांब असेल तसा पेला ते स्वतःच मोठा करते. २००८ च्या पॉसिक्स मानकात ते आले. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत मात्र ते नाही. पुढच्या ओळीसाठी तोच पेला पुन्हा वापरला जातो, म्हणून जुनी ओळ जपायची असेल तर तिची प्रत काढावी, आणि शेवटी मेमरी मोकळी करावी.

जुन्या पुस्तकांत आणि अजूनही काही प्रॅक्टिकलच्या वह्यांत ‘गेट्स’ आढळते. ते वापरूच नये. पेला केवढा आहे हे त्याला सांगताच येत नाही. ओळ मोठी निघाली की शेजारच्या मेमरीवर सांडते. नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या मॉरिस वर्मने एका सर्व्हर प्रोग्राममधल्या याच फंक्शनच्या वाटेने आत शिरकाव केला होता. २०११ च्या सी मानकातून गेट्स काढून टाकले गेले.

शेवटची ओळ दोनदा येत असेल तर कारण वेगळे असते. ‘फाइल संपली का?’ असे ‘एफइओएफ’ला विचारून मग वाचणारा लूप अनेकजण लिहितात. पण वाचायचा प्रयत्न फसल्याशिवाय फाइल संपल्याचे कळतच नाही. म्हणून लूपची अट एफगेट्सच्या उत्तरावर ठेवावी: त्याने ‘नल’ दिले की थांबावे. आणि फाइल विंडोजवर तयार केलेली असेल, तर न्यूलाइनच्या आधी १३ हा आणखी एक बाइट असतो. तोही काढून टाकावा, नाहीतर दिसायला सारखी दोन नावे तुलनेत वेगळी ठरतात.