यवतचा मुक्काम आणि मनाचे अवधान

आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते, तेव्हा अनेक दिंड्यांचे टाळ-मृदंग एकाच वेळी निनादत असतात. तरीही वारकरी आपल्याच दिंडीचा अभंग धरून चालतो. हे कसे साधते? कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये श्रोत्यांच्या दोन कानांत दोन भिन्न मजकूर ऐकवले आणि त्यांतला एकच मोठ्याने म्हणावयास सांगितला. दुसऱ्या कानातली भाषा इंग्रजीची जर्मन झाली, तरी ते श्रोत्यांच्या ध्यानी आले नाही. मन निवडते ते असे वगळूनच. मात्र वगळलेले सर्वस्वी लोपत नाही. नेव्हिल मोरे यांच्या १९५९ च्या प्रयोगात दुर्लक्षित कानी पडलेले स्वतःचे नाव सुमारे एकतृतीयांश श्रोत्यांनी टिपले.

वाङ्मयेतिहासाचे अवधानही असेच चालते, असे आम्हांस वाटते. १६८५ मध्ये हा सोहळा सुरू करणारे नारायणमहाराज, अभंगांचे पाठ, दिंड्यांची परंपरा यांकडे अभ्यासकाचे लक्ष सहज जाते. वारकऱ्यांसाठी पिठले-भाकरी रांधणारे यवत मागे राहते. गजरात आपला अभंग सुटू नये म्हणून वारकऱ्याला बाकीचे नाद वगळावेच लागतात. इतिहासकाराला तशी निकड नसते. एका मुक्कामापुरता तरी त्याने आपला दुसरा कान चुलीकडे द्यावा.