पाटी कुणाची? न बोलता बोलण्याचा इतिहास

आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते. वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होतं, अश्व धावतो. आता समजा, तिथलंच एक आठ वर्षांचं पोर रिंगण बघून घरी आलं. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याची जीभ वळत नाही. पाहिलेलं सगळं डोक्यात आहे, पण आजीला सांगायचं कसं? आणि आपण चटकन म्हणून मोकळे होतो, "त्याला काही कळत नाही." बोलता न येणं वेगळं आणि न कळणं वेगळं. हा फरक जगाला कसा उमगत गेला, ते आज बघूया.

सुरुवात एका रसायन अभियंत्यापासून होते. चार्ल्स ब्लिस, जन्म १८९७, ऑस्ट्रिया-हंगेरीतला ज्यू. नाझींनी त्यांना छळछावणीत डांबलं. सुटल्यावर ते शांघायला पोचले. तिथं चिनी लिपी पाहून त्यांना वाटलं, सगळ्या जगाला वाचता येईल अशी चिन्हांची भाषा का असू नये? म्हणजे माणसं एकमेकांना समजून घेतील, युद्धं टळतील. हृदयाचं चिन्ह आणि शेजारी वर जाणारा बाण म्हणजे आनंद. बाण खाली, म्हणजे दुःख. १९४९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियात पुस्तक छापलं. जगानं ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे १९७१ मध्ये कॅनडातल्या टोरोंटोत शर्ली मॅकनॉटन या शिक्षिका आणि त्यांचे सहकारी न बोलणाऱ्या मुलांसाठी काही शोधत होते. त्यांना ही चिन्हं सापडली. मुलं पाटीवरच्या चिन्हांकडे बोट किंवा नजर नेऊन वाक्यं करू लागली. ब्लिस हरखले. पण आता गंमत बघा, मुलांच्या गरजेनुसार चिन्हं बदलायला लागल्यावर तेच ब्लिस रागावले. वाद वर्षानुवर्षं चालला, १९८२ मध्ये करार झाला तेव्हा कुठे वापराचा हक्क मिळाला. प्रश्न एकच होता: पाटी कुणाची? बनवणाऱ्याची, की बोलणाऱ्याची?

आपल्याकडे याचं उत्तर मुंबईत शोधलं गेलं. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. त्यामागे त्यांची लेक मालिनी चिब. बोलणं अतिशय अवघड, पण एक करंगळी चालायची. त्या करंगळीनं टाइप करत मालिनीताई शिकल्या, पुढं इंग्लंडला गेल्या, आत्मचरित्र लिहिलं. त्याच्या नावातही ती करंगळी आहे. समज कधीच कमी नव्हती, कमी होतं ते साधन.

पालकांची एक शंका हमखास असते: "पाटी दिली की पोरगं बोलायचा आळस करेल." २००६ मध्ये संशोधकांनी जुन्या अभ्यासांतली सर्वात भक्कम पुराव्याची २७ उदाहरणं तपासली. पाटीमुळे एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धतींना जागा दिली. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांचं अॅप मराठीतही बोलतं. म्हणजे साधन आलं, हक्कही आला. उरला तो जुना प्रश्न: त्यावर शब्द कुणाचे?

परदेशी पाटीवर बर्फ असतो, सँडविच असतं. आपल्या पोराला भाकरी लागते, ऊस लागतो, भिगवणचे रोहित पक्षी लागतात, रिंगणाचा घोडा लागतो. पुठ्ठ्यावर घरचेच फोटो चिकटवले तरी सुरुवात होते. त्याला वीज लागत नाही. मात्र पाटीवर नुसतं 'पाणी' आणि 'शी-शू' नको. 'नको', 'अजून', 'मला राग आलाय', 'मी सांगतो, थांबा' हेही हवं. आपणही बोलताना त्याच चित्रांवर बोट ठेवायचं, म्हणजे त्याला रीत कळते. मग उत्तरासाठी वाट पाहायची, घाई करून त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. आणि पाटी कपाटात ठेवायची नाही. आपण आपली जीभ कपाटात ठेवतो का?

पुढच्या वर्षी पालखी येईल, तेव्हा ते पोर घोड्याच्या चित्रावर बोट ठेवेल. आजीनं तेवढं थांबून विचारायचं, "बरं, मग काय झालं?"