हमालांची बीअर, सम्राज्ञीचं नाव

‘इम्पिरियल रशियन स्टाउट’ असं भारदस्त नाव वाचलं, की वाटतं ही बीअर रशियातली असणार आणि राजवाड्यात जन्मलेली असणार. दोन्ही समज चुकीचे आहेत. ती जन्मली लंडनमध्ये, टेम्स नदीच्या काठावर, आणि तिला मोठं केलं हमालांनी. रेडिओवर दारूविषयी बोलतोय म्हणून कुणी दचकू नये. प्रचार करायला मी आलेलो नाही. मला सांगायचंय ते या नावाबद्दल.

अठराव्या शतकात लंडनच्या बंदरात उतरणारा बराचसा माल माणसांच्या पाठीवरून शहरात जायचा. या हमालांना, म्हणजे पोर्टरांना, शहराचा परवाना असे. त्यांच्यातले काही जण बिल्लाही लावत. आपल्या रेल्वे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला आठवा. दिवसभर ओझी वाहताना ही माणसं जी गडद तपकिरी, कडसर बीअर पीत, तिला त्यांचंच नाव पडलं, पोर्टर. त्यातली जी जास्त कडक, ती स्टाउट पोर्टर. ‘स्टाउट’चा अर्थ तेव्हा नुसता ‘जोरदार’ असा होता, रंगाशी त्याचा संबंध नव्हता.

मग ही बीअर रशियाला कशी पोहोचली? साउथवर्क भागात हेन्री थ्रेल यांचा मोठा कारखाना होता. १७८१ मध्ये ते वारले आणि कारखाना बार्कले-पर्किन्स मंडळींनी १ लाख ३५ हजार पौंडांना घेतला. या विक्रीच्या व्यवहारात मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक म्हणून कोशकार डॉ. जॉन्सन खपत होते! चित्रकार जोसेफ फॅरिंग्टनच्या १७९६ च्या रोजनिशीत एक नोंद सापडते. थ्रेलच्या कारखान्यातली पोर्टर त्याने चाखली. ती रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास बनवलेली आहे आणि सात वर्षं टिकते, असं त्याला सांगण्यात आलं. ही सम्राज्ञी म्हणजे दुसरी कॅथरिन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती वारली.

यावर एक लोकप्रिय कहाणी रचली गेली. बाल्टिक समुद्रातल्या थंडीत साधी बीअर गोठायची, म्हणून म्हणे ही कडक केली. मला हे पटत नाही. दहा टक्के अल्कोहोलची बीअर शून्याखाली चार-पाच अंशांवर गोठते, साधी बीअर दोनेक अंशांवर. एवढ्याशा फरकाने रशियाची थंडी थोपणार थोडीच! शिवाय सेंट पीटर्सबर्गचं बंदर हिवाळ्यात बर्फाने बंदच असायचं, जहाजं जायची ती उन्हाळ्यात. खरं कारण साधं असावं. तिथल्या श्रीमंतांना कडक, गोडसर बीअर आवडायची. बर्टन गावची तशी बीअर तिकडे आधीपासून जातच होती. १८२२ मध्ये रशियाने इंग्रजी बीअरवर जबर जकात बसवली, पोर्टरला मात्र वगळलं. बर्टनवाल्यांचा धंदा बसला आणि त्यांनी मोर्चा हिंदुस्थानच्या बाजारपेठेकडे वळवला. आपल्याकडच्या गोऱ्या साहेबांच्या पेल्यात बर्टनची फिकी, कडवट बीअर आली, त्यामागे ही रशियन जकातही आहे.

आता चवीकडे वळतो. ही बीअर बर्फगार प्यायची नसते. थंडी जिभेला बधिर करते. बाटली थोडा वेळ बाहेर ठेवावी, छोट्या पेल्यात थोडीशीच ओतावी. रंग जवळजवळ काळा, फेस बदामी. आधी नुसता वास घ्यावा. कॉफी, काकवी, काळ्या मनुका. पहिल्या घोटात गोडी येते, पाठोपाठ करपलेल्या भाकरीच्या कडेसारखा कडवटपणा आणि शेवटी घशात ऊब. घाई केली तर यातलं निम्मंअधिक हुकतं. लंडनमध्ये मी पहिल्यांदा ती चाखली, तेव्हा एक पेला संपवायला मला तास लागला.

पण हीच चव कॅथरिनने घेतली होती का? नाही. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट होतो. फिरत्या पिंपात कॉफीसारखा भाजून तो काळाकुट्ट करण्याचं पेटंट डॅनियल व्हीलरने घेतलं १८१७ मध्ये, सम्राज्ञी जाऊन वीस वर्षं उलटल्यावर. म्हणजे ज्या काळेपणाला आज आपण शाही समजतो, तो तिच्या पेल्यात नसणार. तिची बीअर तपकिरी असणार. शिवाय जुन्या लाकडी पिंपांतल्या रानटी यीस्टमुळे तिला चामड्यासारखा, तबेल्यासारखा वास असावा. या यीस्टचा छडा कार्ल्सबर्गच्या क्लॉसेनने १९०४ मध्ये लावला, तोही इंग्लंडच्या मुरवलेल्या बीअरमधूनच.

पुढे महायुद्ध आलं, १९१४ मध्ये झारने दारूबंदी केली आणि रशियाची गिऱ्हाइकी संपली. लंडनची बीअर कशीबशी टिकली. १९५५ मध्ये बार्कले-पर्किन्स करेज कंपनीत विलीन झाली आणि १९९३ मध्ये करेजनेही ही बीअर गाळणं थांबवलं. तोवर अमेरिकेतल्या छोट्या कारखानदारांनी तिला उचलून धरलं होतं. कॅलिफोर्नियातल्या एकाने तर बाटलीवर दाढीवाला रासपुतिन छापला. बिल्लेवाला हमाल मात्र मला अजून कुठल्या लेबलावर दिसलेला नाही.